शेपटीवाला ठिपका

काकांबरोबर बाजारात जायचं म्हणजे अब्रू घरी ठेवून जावं लागे. एकदा औरंगपुऱ्यात आम्ही त्यांचा चष्मा आणायला गेलो होतो. दुकानासमोर एक पांढरी गाडी उभी होती आणि आत ड्रायव्हर पेपर वाचत बसला होता. काकांनी काचेवर टकटक केलं आणि म्हणाले, "जरा बोनेट उघडता का?"

ड्रायव्हरला वाटलं, धूरबिर निघतोय. त्याने धडपडत आतला खटका ओढला आणि खाली उडी मारली. काकांनी बोनेट वर केलं. चष्मा अजून मिळायचा होता, म्हणून नाक रेडिएटरला टेकेपर्यंत वाकले. मग सरळ होऊन म्हणाले, "आपलंच हाय. करा बंद."

"पण झालं काय?"

"काय नाय. बरं हाय."

मागे रिक्षावाले हॉर्न बडवत होते. ड्रायव्हर एकदा इंजिनकडे बघे, एकदा काकांकडे. मी तोवर चष्म्याच्या दुकानात शिरून फ्रेमा बघायला लागलो होतो.

काका माझ्या नात्यातले नव्हते. वाळूजच्या ज्या कारखान्यात मी डिस्पॅचला कारकून होतो, तिथे ते रेडिएटर तपासायचे. शिफ्टच्या बसमध्ये सगळेच त्यांना काका म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. त्यांचं काम सांगायला सोपं होतं. तयार रेडिएटर पाण्याच्या टाकीत बुडवायचा, आत हवा भरायची आणि कुठून बुडबुडा येतो का बघायचं. आला तर तो नग बाजूला. नाही आला तर वर हिरव्या रंगाचा ठिपका द्यायचा, की झाला पास.

ठिपक्यासाठी कारखान्याने मार्कर दिले होते. काका त्यांना हात लावत नसत. रंगाच्या बाटलीत निंबाची काडी बुडवून ते ठिपका देत आणि काडी उचलता उचलता खाली एक बारीक शेपटी ओढत. मार्करने सगळ्यांचे ठिपके सारखेच दिसतात, मग उद्या माल गळला तर बोंब कोणाच्या नावाने मारायची, असं त्यांचं म्हणणं. बोंब आपल्याच नावाने मारली जावी म्हणून धडपडणारा माणूस मी आयुष्यात हा एकच पाहिला.

ही खोड बापाकडून आली होती. लासूर स्टेशनजवळच्या गावात त्यांच्या बापाची मेंढरं होती. दुसऱ्याच्या कळपात मिसळली तरी आपली मेंढी ओळखू यावी म्हणून बाप तिच्या पाठीवर रंगाचा ठिपका देई. लासूरच्या बाजारात विकलेली मेंढी आठ दिवसांत आजारी पडून बसली, तर बाप मुकाट्याने दुसरी देई. कागद नाही, पावती नाही. ठिपका बघायचा आणि द्यायची.

"आणि खोटं बोलून कोणी नेली तर?" मी एकदा विचारलं.

"नेली ना एकानं. बापानं दिली. मंग त्याच्या पोराला पंचक्रोशीत कोणी पोरगी दिली नाय."

मेंढीची पाठ दाबली की तिच्या अंगात किती दम आहे ते कळतं. काका मेंढरं सोडून कारखान्यात आले, पण दाबायची सवय सुटली नाही. कलिंगड, गादी, सिमेंटचं पोतं, नवीन आलेला मॅनेजर, सगळ्यांची पाठ ते दाबून बघत. मी नोकरीला लागलो त्या दिवशी बसमध्ये त्यांनी माझ्या मणक्याच्या दोन्ही बाजूंना अंगठे रोवले आणि जाहीर केलं, "बरा हाय. टिकशील." मी टिकलो. माझ्याबरोबर लागलेल्या दुसऱ्याच्या पाठीवर त्यांनी नुसतंच 'हं' केलं होतं. तो दोन महिन्यांत पुण्याला पळाला.

अशा माणसाचं वॉरंटीबद्दल काय मत असणार? ते म्हणत, "हमी कागदावर आली का मालातून जाती." एकदा कॅन्टीनमध्ये अकाउंट्सचा एकजण नवीन फ्रिजचं कौतुक सांगत होता. वर थोडे पैसे भरून त्याने तीन वर्षांची जादा वॉरंटीही घेतली होती. काका भाकरी मोडता मोडता थांबले.

"फ्रिज ज्यानं बनवला, त्यानंच तुला इकला ना?"

"हो."

"अन् त्योच म्हणतो, बिघडंल, म्हणून वरून पैशे दे?"

"तसं नाही काका, समजा बिघडला तर..."

"म्हंजे बिघडणार हे त्याला ठावं हाय. तुला नाय. मंग शाणा कोण?"

त्या माणसाने डबा अर्धाच खाल्ला. आम्ही हसलो, पण त्या संध्याकाळी घरी जाऊन मी मिक्सरचं वॉरंटी कार्ड कपाटात खाली सारलं. काका कधी घरी आले आणि दिसलं तर पंचाईत नको.

ती वर्षं दुष्काळाची होती. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि त्याला वाढायचा ताप आला होता. खेड्यातली माणसं पाण्यासाठी शहरात येत होती आणि शहर टँकरमागे धावत होतं. बीड बायपासला जिकडे बघावं तिकडे बिल्डिंगा. मीही सातारा परिसरात एक फ्लॅट घेतला. त्याच्या जाहिरातीत पोहण्याचा तलाव होता. तलाव खरंच बांधला, निळ्या फरश्याही बसवल्या. पाणी कधी आलं नाही, त्यामुळे पोरांना क्रिकेट खेळायला बरी जागा झाली. चेंडू बाहेर जात नसे.

सगळ्यात वाईट उन्हाळा होता तेव्हा कारखान्याच्या पाण्यातही कपात झाली. तपासणीच्या टाकीतलं पाणी तेलाने आणि धुळीने गढूळ होतं, म्हणून दर सोमवारी बदलावं लागे. त्यासाठी टँकर लावला. टँकर आला की त्याचा गेटपास माझ्याकडे येई आणि टाकीत पाणी ओतल्याची सही काका करत.

पुढे पावसाळ्यात एक गंमत झाली. शेजारच्या रांजणगावातल्या भाड्याच्या खोल्यांत आमचे निम्मे कामगार राहत. तिथल्या बायका एक दिवस शाल-श्रीफळ घेऊन थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये आल्या. भर उन्हाळ्यात सहा आठवडे कारखान्याने पाण्याचा टँकर पाठवला, म्हणून साहेबांचा सत्कार करायचा होता. साहेब क्षणभर गोंधळले. पण अंगावर चालून आलेली शाल कोण नाकारतो? त्यांनी मान पुढे केली. सामाजिक बांधिलकीवर दहा मिनिटं बोलले. फोटो काढला, फ्रेम केला, केबिनमध्ये लावला. काका सगळ्यात मागे उभे राहून टाळ्या वाजवत होते, इतरांचं थांबल्यावरसुद्धा. आमचा साहेब मनाने मोठा आहे, असं मी घरी जाऊन बायकोला सांगितलं.

त्याच वर्षी दसऱ्याला मी गाडी घेतली. काका आता नाहीत. गाडी अजून आहे. शोरूममधून आणली त्या दिवशी मी पेढे घेऊन आधी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी दार उघडून दाराच्या कडेला लावलेली पट्टी वाचली. गाडी कोणत्या महिन्यात बनली ते त्यावर असतं. माल हातात आला की आधी तारीख वाचायची, हा त्यांचा नेम. मग बोनेट उघडलं. वरच हिरवा ठिपका होता, खाली शेपटी. मला एवढा आनंद झाला की मी ओरडलोच, "काका, आपलंच आहे!"

"व्हय," ते म्हणाले आणि बोनेट लावलं. पेढा खाल्ला नाही, खिशात ठेवला. दात दुखत असेल, असं मला वाटलं.

दोन वर्षांनी शोरूममधून फोन येऊ लागले. कंपनीची वॉरंटी संपत आली होती आणि पुढची दोन वर्षं वाढवून घ्यायची की नाही ते ठरवायचं होतं. फोनवरचा माणूस गोड बोलायचा. "सर, पंधरा दिन बचे. बाद में लेना बोले तो नै मिलता. गाडी है, कब क्या होता बोल नै सकते."

बायको म्हणाली, "घेऊन टाका. उद्या एसी गेला तर?"

मला घ्यायची नव्हती. हप्ते फेडून माणूस तसाच वाकलेला असतो. पण तिच्यापुढे माझं कोण ऐकतं? म्हणून मी काकांना मध्ये घालायचं ठरवलं. ते फ्रिजवाल्यासारखं दोन वाक्यांत प्रकरण निकालात काढतील आणि तीही ऐकेल, कारण काकांचा शब्द तिच्या लेखी माझ्यापेक्षा वरचा होता. काका नुकतेच निवृत्त झाले होते. रविवारी जाफर गेटच्या बाजारातून भाजी घेऊन ते येताना कधीमधी आमच्याकडे टेकत. तसे आले, तेव्हा पार्किंगमध्येच मी विषय काढला. बायको वर गॅलरीत उभी होती, तिला ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यानेच.

काकांनी भाजीची पिशवी खाली ठेवली. "बोनेट उघड," म्हणाले.

वाकून त्यांनी ठिपका बघितला. त्यावर अंगठा दाबला. मग म्हणाले, "घेऊन टाक."

"काय?"

"वॉरंटी. घे म्हणतो."

वरून बायको हसली. "काका, तुम्हीच तर म्हणता, हमी कागदावर आली की..."

"म्हणतो. पर हा रेडिएटर त्या उन्हाळ्यातला हाय." ते गाडीला टेकून खाली बसले. "तवा टाकीचं पाणी सहा हप्ते बदललं नाय."

"असं कसं? टँकर येत होता. गेटपास मीच करायचो."

"येत व्हता. टाकीत वतला म्हणून सही मी करत व्हतो. वतला नाय. गेटातूनच रांजणगावला धाडत व्हतो."

हा तोच माणूस, ज्याने एकदा सहीखाली तारीख चुकली म्हणून स्वतःच्या हाताने स्वतःविरुद्ध तक्रार लिहून दिली होती.

"सोमवारी सकाळी बस गेटात शिरायची तवा भिंतीला बायांची लाईन असायची," ते म्हणाले. "रंगाचे डबे, पिठाचे डबे, जे घावंल ते घेऊन. कुठं नळ गळतो का बघत. अन् आत जाऊन मी काय करणार, तर टँकरभर पाण्यात बुडबुडे बघणार. माह्या हातून वतवंना."

"मग तपासलं कसं?"

"पाणी काळं झालं, दिसंना. मंग हात घालून बघायचो. जोडावर बोटं ठेवली का बुडबुडा कळतो. गुदगुली होती."

"मग झालं की. कळत होता ना."

"जो कळला त्यो काढला. जो नाय कळला, त्याला ठिपका दिला."

"त्यातला एक तरी परत आला का?" मी विचारलं.

"नाय आला. परत नाय आला म्हंजे गळला नाय, असं नाय. लोकं वरून पाणी वततात अन् चालवतात."

"आणि ती शाल?"

तेव्हा ते पहिल्यांदा हसले. "साहेबाला शोभत व्हती." मग पिशवी उचलून उभे राहिले. "टँकरचं मला वाईट नाय वाटत. उद्या आला तर परत धाडीन. पर ठिपका द्यायला नको व्हता. निदान शेपटी तरी काढायला नको व्हती."

चहा न घेताच ते गेले. त्यांची मोपेड कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी बोनेट धरून उभा होतो.

पुढचे पंधरा दिवस माझी पार दैना झाली. वॉरंटी घ्यावी तर काकांच्या ठिपक्यावर माझा विश्वास नाही. न घ्यावी तर त्यांच्या शब्दावर नाही. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात. आमच्या भागात दोन्ही कोरडे, तरी माणूस त्यात पडतोच. दोन वेळा शोरूमच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. जे एका कागदाचं काम होतं, त्याचं मी असं करून ठेवलं, की जणू काकांच्या तीस वर्षांच्या नोकरीचा निकाल मलाच द्यायचा आहे. आणि खरं सांगायचं तर तसंच होतं. त्या माणसाकडे ठिपक्याशिवाय मिरवायला दुसरं होतं काय?

शेवटच्या दिवशी मी जाऊन वॉरंटी घेतली. आणि रविवारी काका आले तेव्हा सांगितलं, "नाही घेतली काका. तुमचा ठिपका आहे, मला दुसरी हमी कशाला?"

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "शाणा हायस," म्हणाले. आवाज जरा ओला वाटला.

बायको घरात म्हणाली, "खोटं कशाला बोललात? म्हातारा माणूस तो."

"तू त्यांचं तोंड बघायला हवं होतंस," मी म्हणालो.

अडचण एकच झाली. शोरूमच्या पोराने उत्साहाने दाराच्या कडेला, गाडी बनल्याचा महिना असलेल्या त्या पट्टीखालीच, वॉरंटीचा पिवळा स्टिकर चिकटवला होता. मी किल्लीने खरवडला. योजनेचं नाव गेलं, वॉरंटी संपायच्या तारखेचा तुकडा काही केल्या निघेना. तारीख एकटी कोणाला काय सांगणार, म्हणून सोडून दिला.

त्या रविवारपासून काका दर रविवारी येऊ लागले. आधी वर येत नसत. पार्किंगमध्ये मोपेड लावायची, पिशवी हँडलला, आणि थेट गाडीपुढे उकिडवं बसून हात खाली घालायचा. फरशीवर तळवा फिरवायचा, बोटांचा वास घ्यायचा. मग मला खालूनच हाक. मी किल्ली घेऊन धावायचो. बोनेट उघडलं की पाण्याची पातळी बघायची, सगळे जोड बोटांनी चाचपायचे, शेवटी ठिपक्यावर अंगठा दाबायचा. "बरं हाय," म्हणायचं. त्यानंतर चहा.

पाऊस असो, लग्नं असोत, निवडणूक असो, रविवार चुकला नाही. वॉचमनला ते माझे वडील वाटायचे आणि मी बापाला दर रविवारी गाडीखाली घालतो म्हणून तो मला तुसडेपणाने सलाम करी. एकदा दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, "काका, आमची पण बघा की." काकांनी बोनेट उघडून पाहिलं. गोल ठिपका, शेपटी नाही. "ही दुसऱ्याच्या कळपातली हाय," म्हणून बंद केलं.

मधल्या काळात गाडीचा एसी दोनदा बिघडला. दोन्ही वेळा शोरूमने पैसे न घेता दुरुस्त करून दिला, आणि दोन्ही वेळा बायकोने आठवडाभर माझ्याकडे नुसतं बघून हसण्याचा कार्यक्रम केला. काकांना पत्ता लागू नये म्हणून मी गाडी सोमवारी टाकायचो आणि शनिवारच्या आत आणायचो. रेडिएटरने मात्र एक थेंब सोडला नाही. दर रविवारी तो म्हातारा गुडघे धरून खाली बसताना बघून मला चोरट्यासारखं होई. दहा वेळा ठरवलं, आज सांगून टाकू. दहाही वेळा चहात साखर घालत बसलो.

अशी दोन वर्षं गेली. एका रविवारी काका नेहमीपेक्षा लवकर आले. हाक आली, मी किल्ली घेऊन उतरलो. ते गाडीपुढे नव्हते. दाराशी उभे होते, बोट त्या खरवडलेल्या पिवळ्या तुकड्यावर.

"तारीख काल संपली," ते म्हणाले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "काका, तुम्हाला माहीत होतं?"

"मी काय आंधळा हाय? पयल्याच रविवारी वाचली."

"मग बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? म्या घे म्हणलं, तू घेतली."

"आणि तरी दोन वर्षं येत राहिलात?"

पायजमा गुडघ्यापर्यंत वर ओढला, गाडीपुढे आले आणि खाली बसायच्या आधी थांबले.

"गाडी जरा फुडं घे. उजेडात," म्हणाले. "कालपस्तोर कागद तरी व्हता. आजपासून नीट बघाया लागंल."

मी गाडी उजेडात घेतली.